तोटी कोण साफ करणार?

किटलीची तोटी ज्याने कोणी घडवली, त्याला ती कधी साफ करावी लागली नसणार याची मला खात्री आहे. पोटापाशी ती रुंद असते, मग वर चढते, मध्येच मान मुरडते आणि टोकाशी इतकी निमुळती होते की करंगळी नखापलीकडे जात नाही. बाहेरून पाहिलं तर हंसाची मान. शिवाय तोटी पोटाला जिथे जोडलेली असते तिथे आतल्या बाजूने सातआठ बारीक भोकं पाडलेली असतात, चहाची पत्ती तिथेच अडावी म्हणून. पत्ती अडते आणि मग तिथेच राहते.

मॅट्रिक झाल्यावर दोन वर्षं मी ही तोटी रोज सकाळी साफ केली. एवढं इंग्रजी शिकून मी काय करते, असं कोणी विचारलं असतं तर मला हेच सांगावं लागलं असतं. पण कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी आत निघून गेले असते. माणसं आली की आत निघून जायचं, ही माझी लहानपणापासूनची सवय.

किटली आप्पांनी आणली. आप्पा बेळगावच्या कोर्टात वकिली करत. कॅम्पातला कोणी गोरा अधिकारी बदलून गेला की त्याच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव होई. आप्पा अशा एका लिलावाला कायद्याची पुस्तकं बघायला म्हणून गेले आणि चांदीचा मुलामा दिलेली किटली, त्याच जातीचं दुधाचं लहान भांडं आणि एक गाळणी घेऊन आले. पुस्तकांना वाळवी लागली होती म्हणाले. दुधाचं भांडं आईला इतकं आवडलं की तिने ते त्याच दिवशी देवघरात नेलं आणि त्यात समईचं तेल भरून ठेवलं. त्यामुळे त्यात दूध कधी पडलंच नाही. आणि माझ्या मते सगळ्या दुःखाचं मूळ तिथेच होतं.

कारण किटलीत चहाची पत्ती घालून वर उकळतं पाणी ओतायचं आणि दूध वेगळं द्यायचं, अशी ती किटली. आईचा चहा मात्र निपाणीचा, तिच्या माहेरचा. पातेल्यात पाणी, पत्ती, साखर आणि म्हशीचं दूध एकदमच घालायचं, दोनतीनदा वर येऊ द्यायचं, आणि पत्तीने सगळा रस सोडला की मग चहा झाला म्हणायचं. हा चहा आई पत्तीसकट किटलीत ओती. किटली चहासाठीच केलेली आहे, तर चहा तिच्यात गेला पाहिजे, एवढा सरळ हिशेब. दूध तोटीच्या वळणावर थांबे, त्याच्यावर साय धरे, सायीवर पत्ती बसे. लढाईचे दिवस होते, साखर मोजून मिळे, म्हणून पक्षकारांच्या चहात गूळ. गुळाचा चिकटा आला की मुंग्या आल्या. सकाळी मी किटली उपडी केली की आधी मुंग्या बाहेर पडत, रांगेने, घाई न करता.

पक्षकार रोज सकाळी येत. बहुतेक खानापूर तालुक्यातले शेतकरी. जांबोटीकडचे लोक आदल्या दिवशी चालत निघून कोणाच्या तरी पडवीत मुक्काम करून येत, गुंजीचे गाडीने. आप्पांचा हट्ट असा की प्रत्येकाला चहा किटलीतूनच द्यायचा. पेला पुढे धरून माणूस बसलेला, किटली वाकडी केलेली, आणि तोटीतून एकेक थेंब. मी आतल्या दारापाशी उभी राहून ऐकत असे. एकदा एक म्हातारे आजोबा म्हणाले, ‘‘वकीलसाहेब, तुमचा च्या कोर्टाच्या तारखंगत हाय. येतो येतो म्हंतोय, आन् आज काय येत न्हाय.’’

बाकीचे खो-खो हसले. आप्पाही हसले, आणि नंतर आत येऊन मला म्हणाले, ‘‘तोटी नीट साफ होत नाही वाटतं.’’

नीट! मी काय काय केलं नव्हतं? उकळतं पाणी ओतून पाहिलं. चिंच आणि मीठ रात्रभर भिजत घालून पाहिलं. राख घालून पाहिली, ती ओली होऊन वळणावर बसली आणि दोन दिवस चहाला चुलीचा वास आला. झावळीचा हीर घातला, तो आत मोडला. मोडलेला हीर काढायला दुसरा घातला, तोही मोडला, आणि ते दोघे बाहेर यायला अख्खी दुपार गेली. मग सूत ओवलं. टोकाकडून सोडलेलं सूत आतल्या भोकातून बाहेर यायला किती वेळ लागतो ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. सुताला गाठ मारली तर गाठ भोकातून जात नाही, आणि गाठ नाही मारली तर नुसतं सूत मजेत येतं-जातं, घाण आपली जागच्या जागी. शेवटी आप्पांची कागद टोचून ठेवायची तार मी टोकाला वाकवून घेतली. तिने थोडंफार निघे. माझ्या बोटांना मात्र कायमच्या काळ्या रेघा पडल्या होत्या.

गाळणीची कथा वेगळी नव्हती. तिची जाळी दूधपत्तीने इतकी बुजे की उजेडात धरली तर पत्र्याचा तुकडा वाटे. आईचा उपाय म्हणजे ती निखाऱ्यावर ठेवायची. सगळं जळून जातं, मग दगडावर आपटायची, झाली साफ. जळलं खरं. पण त्याबरोबर जाळीचा डाखही वितळला आणि जाळी सुटून चुलीत पडली. आई उरलेलं नुसतं कडं हातात धरून म्हणाली, ‘‘बघ, कसं लख्ख झालंय.’’ नंतर बाजारातून जी पितळी गाळणी आली तीही दर आठवड्याला निखाऱ्यावर चढे. मी पळवून आणी.

बाहेरून मात्र किटलीची बडदास्त होती. दर शुक्रवारी आई ती देवाच्या भांड्यांबरोबर चिंच आणि रांगोळी लावून खसाखसा घाशी. वर्षभरात मुलामा उडाला आणि किटलीवर तांबूस चट्टे उठले. मी म्हटलं, ‘‘आई, ही चांदी नव्हे, नुसता वरचा रंग आहे. घासू नकोस.’’

‘‘घासू नको तर काय पुजू? आतनं तू घास, बाहेरनं मी घासतीया. वाटणी झालीया आपली.’’

‘‘दूध वेगळं दे ना. मग आत काही बसणारच नाही. आमच्या शाळेत मोठ्या मिसच्या बंगल्यावर असंच देतात. चहा नुसता, दूध शेजारी.’’

‘‘म्हंजे पाहुण्याला फिकं पानी द्यायचं, आन् म्हनायचं, घे बाबा, दूध तुझं तूच वत? आमच्या निपाणीत असा च्या दिला तर सोयरीक मोडंल.’’

भांडी घासायला जवळच्या खेड्यातून एक बाई येत असे, ती मला आक्का म्हणायची, वयाने माझ्या दुप्पट होती तरी. ती माझी तारेशी चाललेली झटापट रोज बघे. एक दिवस म्हणाली, ‘‘आक्का, कोंबडीचं पीस घाला की. लांब बघून घ्यायचं. आत जाऊन असं फिरतंय, काय ठेवत न्हाय. आमच्या हुक्क्याची नळी आमी तसंच करतो.’’

मी आईकडे पाहिलं. चहाच्या भांड्यात कोंबडीचं पीस, आता काय ऐकायला मिळतं म्हणून. आई विचार करून म्हणाली, ‘‘आज नगं. आज सोमवार हाय.’’

हे सगळं मागच्या दारी चाले. न्हाणीघराजवळ एक रुंद दगडी पायरी होती, तिथे मी किटली घेऊन बसे, शेजारी आई भाजी निवडत बसे. मी कटकट करत असे. एरवी घरात मी फार बोलत नसे. शाळेतलं सगळं इंग्रजीत घडलेलं, ते मराठीत सांगायला गेलं की मला बोबडं वाटे. पण तोटीने डोकं फिरलं की शब्द आपोआप येत. हा हीर मोडला, ही मुंगी चावली, आप्पांना काय जातंय सांगायला, असलं काहीतरी. आई ‘‘व्हय गं,’’ ‘‘मग?’’ म्हणत असे. तिचं लक्ष भाजीत आहे असं मला वाटे.

दुसऱ्या वर्षी पाऊस संपता संपता शाळेतून चिठ्ठी आली. मी जिथे शिकले ती कॅम्पातली मिशनची मुलींची शाळा. तिथल्या मोठ्या मिसनी, म्हणजे गोऱ्या मुख्याध्यापक बाईंनी, लिहिलं होतं की लहान मुलींच्या वर्गाला शिकवायला एक जागा आहे, मी यावं अशी त्यांची इच्छा आहे, मात्र वडिलांची लेखी संमती हवी, आणि उत्तर पुढच्या शनिवारपर्यंत हवं. त्यानंतर जागा दुसरीला दिली जाईल.

चिठ्ठी मी चार वेळा वाचली. मला ती जागा हवी होती. किती हवी होती ते मी कोणाला सांगितलं नाही, इथेही फार सांगणार नाही. एवढंच की शाळेच्या फाटकाच्या कडीचा आवाज मला घरबसल्या आठवत असे, आणि तो आठवला की मी किटली जरा जास्तच जोरात आपटत असे.

आप्पांना चिठ्ठी दिली. त्यांनी चष्मा लावून वाचली, चष्मा काढला, आणि म्हणाले, ‘‘बघू.’’

आप्पा कोर्टात उभे राहिले की समोरच्याला बोलायला जागा ठेवत नाहीत असं लोक सांगत. घरात त्यांचा एकच शब्द होता, बघू. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाले, ‘‘आईला विचार.’’

आईला विचारलं. ती भाकरी थापत होती. ‘‘आप्पास्नी विचार.’’

‘‘त्यांनी तुला विचारायला सांगितलंय.’’

आईने भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, ‘‘तू साळंत गेलीस तर तोटी कोण साफ करनार?’’

मला वाटलं ती चेष्टा करते आहे. पण ती तव्याकडेच बघत होती. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा विषय काढला, पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. आप्पांना सांगितलं, तर ते म्हणाले, ‘‘मुद्दा तसा बरोबर आहे. पक्षकार तर येतच राहणार.’’

नाही म्हणाले असते तरी चाललं असतं. नाही म्हटलं की माणूस रडतो तरी, जेवत नाही, काहीतरी करतो. इथे कोणी नाही म्हणतच नव्हतं. माझं सगळं पुढचं आयुष्य एका वाकड्या नळीत अडकून पडलं होतं आणि त्यात काही गैर आहे असं घरात कोणाला वाटत नव्हतं.

मग मी ठरवलं, की हरकत तोटीचीच असेल तर तोटीचा बंदोबस्त करायचा. भांडीवालीला शेजारी बसवून तार कशी वाकवायची, कुठे फिरवायची ते दाखवलं. तिने एकदा तार घातली आणि किटली परत माझ्या मांडीवर ठेवली. ‘‘आक्का, साहेबाची वस्तू हाय. माझ्या हातनं भोक पडलं म्हंजे? पीस आनतो म्हनलं तर तुमी आनू दीना.’’

‘‘आण पीस!’’ मी म्हणाले. ‘‘काय आणायचं ते आण!’’

तिने खरोखर आणलं. तांबूस, लांब, ऐटदार पीस. आईने ते पाहिलं आणि म्हणाली, ‘‘शनवारी मारुतीचा वार, सोमवारी म्हादेवाचा, गुरवारी दत्ताचा, शुक्रवारी देवीचा. राह्यलेल्या दिवशी घाल जा.’’ तेव्हा मी हिशेब केला, आठवड्यातले चार दिवस तोटी पुन्हा माझ्याच गळ्यात.

राहिलं दूध वेगळं देणं. मी आईच्या मागे लागले. किटलीत दूध गेलंच नाही तर तोटी साफ करावी लागणार नाही, तोटी साफ करावी लागली नाही तर मी जाऊ शकते. हे मी इतक्या वेळा सांगितलं की भांडीवालीलाही पाठ झालं. आई म्हणे, ‘‘व्हय, देऊ की.’’ आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा साय.

शुक्रवारी दुसरी चिठ्ठी आली. उत्तर न मिळाल्यामुळे मोठ्या मिस स्वतः शनिवारी दुपारी चार वाजता येणार होत्या, आईवडिलांना भेटायला.

मी आधी गाळणी चुलीपासून लांब नेऊन ठेवली. आप्पा मात्र एकदम खूष झाले. नोकरीचं त्यांच्या डोक्यात नसावं. ते म्हणाले, ‘‘इतक्या दिवसांनी किटलीला तिच्या तोलाचं माणूस भेटणार!’’

शनिवारी सकाळी मी तोटी दोन तास साफ केली. तारेने केली, सुताने केली, आणि खरं सांगायचं तर मारुतीची मनातल्या मनात माफी मागून पिसानेही केली. पाणी ओतलं तर सरळ धार पडली. गाळणी उजेडात धरली तर प्रत्येक भोकातून आभाळ दिसलं. मग आईला समोर बसवून म्हटलं, ‘‘आज दूध वेगळं. किटलीत नुसतं पाणी आणि पत्ती. शपथ घे.’’

‘‘शपथ कशाला? दूध येगळं ठेवतो म्हनलं की. पर ते भांडं न्हाय मिळायचं, त्यात देवाचं त्याल हाय. वाटीत दीन.’’

‘‘वाटीत दे.’’

मोठ्या मिस बरोबर चारला आल्या. उंच, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, हातात छत्री. त्या इतकी वर्षं बेळगावात राहिल्या होत्या की मराठी चांगलं बोलत, फक्त प्रत्येक शब्द वेगळा ठेवून, दुकानात वाट्या मांडतात तसं. आप्पा त्यांच्या समोर बसले. मी भिंतीला लागून. आई आतल्या दाराच्या आड, पण तिच्या बांगड्या ऐकू येत होत्या. तबक आलं. किटली, गाळणी, कप, आणि वाटीत दूध. दूध खरंच वेगळं होतं. 

मिसनी स्वतःच ओतायला घेतलं. गाळणी कपावर ठेवली, किटली वाकडी केली. अर्धा कप बदामी रंगाचा दाट चहा पडला आणि धार थांबली.

बदामी! मी दाराकडे पाहिलं. आईने वाटीत दूध वेगळं ठेवलं होतं ते आणखी वर घालायला म्हणून. आतला चहा तिने नेहमीसारखाच उकळला होता, उलट पाहुणी मोठी म्हणून जास्तच. दूध जास्त, साठवून ठेवलेली साखर, वेलदोडे सालासकट. मिसनी किटली आणखी वाकडी केली. धार येईना. आणखी वाकडी केली, तेव्हा झाकण निसटलं आणि सगळा चहा वरून, कप, गाळणी, वाटी सगळ्यांना धरून तबकात पसरला.

आप्पा उठून उभे राहिले. मला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं. मिसनी मात्र किटली खाली ठेवली, अंबाड्यातला एक काटा काढला, तोटीत घातला, हलकेच फिरवला आणि सायीचा एक लांब पदर बाहेर ओढला. त्याला वेलदोड्याचं साल चिकटलेलं होतं.

आईला हे बघवेना. ती पदर सावरत बाहेरच आली. ‘‘अवो, ठेवा, ठेवा बाईसाहेब. तुमी कशापायी? आमची पोरगी करंल. रोज तीच करती.’’

‘‘हो?’’ मिस म्हणाल्या. ‘‘पण ती शाळेत येईल, तेव्हा कोण करील?’’

त्यांनी अगदी सहज विचारलं होतं. आईचा चेहरा उजळला. ‘‘तेच! तेच म्हंतीया मी आठ दिस! ऐकलं का गं? ह्यांनाबी तेच वाटतंय.’’

आप्पांनी रुमालाने तोंड पुसलं. ते हसत होते असा मला संशय आहे.

‘‘माझी किटली मी साफ करते,’’ मिस म्हणाल्या. ‘‘सकाळी, शाळेच्या आधी. पाच मिनिटे लागतात.’’

‘‘तुमी? सोता? येवढी साळा तुमच्या हाताखाली असून?’’

‘‘नोकर बाहेरून चांगली करतो. आत कोणी पाहत नाही, म्हणून तो आत करत नाही.’’

 आईची आठ दिवसांची हरकत त्या तबकात, चहात भिजून पडली होती आणि तिलाही ते दिसत होतं. आता ती हो म्हणेल, असं मला वाटलं. ती म्हणाली, ‘‘पर आमची तोटी लई वाकडी हाय.’’

माझ्या तोंडून आवाज निघाला. पाहुण्यांसमोर, आप्पांसमोर, माझा स्वतःचा, चांगला मोठा. ‘‘आई, पुरे! तोटीचं नाव काढू नकोस. मला पाठवायचं नसेल तर नाही म्हण. पण का नाही ते सांग. खरं काय ते सांग.’’

 मी पुन्हा भिंतीला टेकले, पण आता मागे घेण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आई माझ्याशी बोललीच नाही. ती मिसकडे वळली, आणि तिच्या निपाणीच्या बोलीत, त्यांना किती कळतंय याची पर्वा न करता, म्हणाली, ‘‘बाईसाहेब, ही तुमच्या साळंत गेली तवापास्नं माझ्यासंगं बोलायची बंद झाली. घरात असती, पर पुस्तकात. मला वाचाया येत न्हाय. हे कोर्टात. सकाळी ती किटली घिऊन पायरीवर बसती तवा तेवढं बोलती. शिव्याच देती तोटीला, मुंग्यास्नी, मला. पर बोलती. आता तेबी तुमी न्यायला आलाय.’’

 आई वाकून तबकातले कप उचलू लागली.

मला रडू आलं असं लिहिता आलं असतं. पण मला राग आला होता. दोन वर्षं! दोन वर्षं मी तार वाकवत बसले, बोटं कापून घेतली, मुंग्या चावून घेतल्या, आणि हिला दूध वेगळं ठेवायचंच नव्हतं. हे एका वाक्यात कधीही सांगता आलं असतं. आणि मग त्याच रागात हेही लक्षात आलं, की मलाही एका वाक्यात काही सांगता आलं नव्हतं. शाळेची ती जागा मला किती हवी आहे हे मी तिला एकदाही म्हटलं नव्हतं. मी तिला फक्त दुधाबद्दल सांगत होते. राग तसाच राहिला, पण कोणावर काढायचा ते कळेना.

‘‘मला जायचंय, आई,’’ मी म्हणाले. ‘‘मला फार जायचंय.’’

‘‘ते दिसतंय की,’’ आई म्हणाली.

‘‘शाळा चारला सुटते. साडेचारला मी घरात असेन.’’

‘‘आन् आल्याबरोबर पुस्तक.’’

‘‘आधी चहा.’’

आईने नाक ओढलं. ‘‘माझ्या हातचा? का तुझं ते फिकं पानी?’’

‘‘तुझ्या हातचा. पातेल्यातला.’’

‘‘आन् तोंड मिटून न्हाय प्यायचा.’’

‘‘बरं.’’

मिस एवढा वेळ हातातला काटा रुमालाने पुसत होत्या. त्यांनी तो परत अंबाड्यात खोचला आणि आप्पांकडे पाहिलं. आप्पा म्हणाले, ‘‘ब...’’ आणि थांबले. आईने त्यांच्याकडे अशी नजर टाकली की पुढचा शब्द काही आला नाही. ‘‘लिव्हा की,’’ ती म्हणाली. ‘‘बाईसाहेबास्नी अंधार पडायच्या आत जायचं असंल.’’

आप्पांनी तिथेच, चहाचे डाग चुकवत, चार ओळी लिहून सही केली. आईने मिसना दुसरा चहा करून दिला, पितळेच्या पेल्यात. त्या तो पूर्ण प्यायल्या. चांगला झालाय म्हणाल्या. आई आत जाताना मला ऐकू जाईल असं पुटपुटली, ‘‘दूध येगळं म्हनं.’’

सोमवारपासून मी जाऊ लागले. किटलीचं पुढे कोण बघू लागलं ते मी मुद्दाम विचारलं नाही.

पहिल्या दिवशी साडेचारला घरी आले तेव्हा पाय दुखत होते, घसा बसला होता. एका मुलीने कानात खडूचा तुकडा घातला होता, दुसरी आईची आठवण काढून दिवसभर रडली होती, तिला बघून तिसरी, तिसरीला बघून अख्खी रांग. मला वाटलं होतं लहान मुलींचा वर्ग म्हणजे फुलं वगैरे. आईने पातेल्यातला चहा पेल्यात ओतला आणि समोर बसली. मी ठरवून काही बोलणार नव्हते. पण पहिला घोट पोटात गेला आणि माझं तोंड सुटलं. त्या खडूवरून जी सुरुवात झाली ती रडणाऱ्या रांगेवर आली, तिथून शाळेच्या घंटेवर, तिथून पायातल्या चपलेवर. इंग्रजीत घडलेलं होतं सगळं, आणि मराठीत सांगताना मी कुठे अडखळले तर आई शब्द पुरवत होती, बहुतेक चुकीचे. मी चिडून दुरुस्त करत होते.

दिवेलागणीची वेळ झाली तेव्हा ती उठली. दारापर्यंत गेली आणि तिथूनच म्हणाली, ‘‘आन् त्या पोरीच्या कानातला खडू? निघाला का न्हाय?’’